मुक्या प्राण्याचे रक्तदान

श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी श्वान आहेत, आणि महाभारतात आपल्यामागून आलेल्या श्वानास सोडून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, हे आपण सारे जाणतो. परंतु एका श्वानाचे रक्त दुसऱ्यास देऊन त्याचा प्राण वाचविता येतो, हे ऐकून आमच्या देवळातील मंडळींस नवल वाटले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा कुत्रा गोचीडतापाने निपचित पडला. गोचिडीच्या चाव्यातून बॅबेसिया नावाचे सूक्ष्म जंतू शरीरात शिरतात आणि रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा भाग शेकडा ३७ हून अधिक असतो. त्याच्या रक्तात तो १३ वर आला होता. शेजाऱ्यांनी आपला धष्टपुष्ट कुत्रा आणला व त्याचे रक्त आमच्या कुत्र्यास चढविले.

तेव्हा आमच्या काकींनी विचारले, "ह्याला दान म्हणता, पण देणाऱ्याची इच्छा कोणी विचारली?"

प्रश्न मार्मिक होता. इतिहास पाहिला तर तो अधिकच बोचतो. १६६५ साली ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याच्या शिरेत सोडले. १६६६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीतही असा प्रयोग झाला; रक्त देणारा जागीच मेला, घेणारा जगला, अशी नोंद सॅम्युएल पेपिस यांच्या दैनंदिनीत आहे. पुढे माणसांस जे रक्तदान लाभले, त्याच्या मुळाशी या मुक्या जीवांचे ऋण आहे.

आज देणाऱ्याचा जीव जात नाही. तो निरोगी, लसी टोचलेला, साधारण २५ किलोंहून अधिक वजनाचा असावा लागतो, आणि त्याचे सुमारे ४५० मिलिलिटरच रक्त घेतात. घेणाऱ्यास ते आरंभी अगदी सावकाश देतात व चार तासांच्या आत संपवितात. कुत्र्यांतही रक्तगट असतात. पहिल्या वेळी न जुळणारे रक्तही बहुधा सोसते. पण त्याविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि दुसऱ्या वेळी तेच रक्त घातक ठरू शकते. म्हणून पहिल्या वेळेची तारीख लिहून ठेवावी आणि पुढे रक्त जुळवून पाहिल्यावाचून देऊ नये.

शिवाय हे रक्त रोग बरा करीत नाही. ते केवळ अवधी मिळवून देते. जंतू मारावयाचे ते औषधानेच.

काकींच्या प्रश्नास आमचे उत्तर इतकेच: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून घेताना मर्यादा आपणच पाळावयाची असते. आणि घेण्याची वेळच येऊ नये म्हणून रोज संध्याकाळी कुत्र्याचे कान व पायांची बोटे तपासून गोचिडी काढाव्यात. त्याला दिवसाची दहा मिनिटे पुरतात.