डबे भंगारात देऊ नकोस

चांदवड

चि. बंड्यास,

चोरबाजारातून आणलेल्या सोळा मिलिमीटरच्या रिळांवर लढाऊ विमानं निघाली, हे वाचून तुझा मामा हरखून गेला. मामीला दोनदा वाचून दाखवलं. पण शेवटच्या ओळींनी सगळा आनंद नासवला. ‘स्कॅन झालं, आता डबे भंगारात देतो, घरभर वास सुटलाय.’ असं लिहवलं तरी कसं तुझ्याच्यानं? अप्पांचा नातू ना तू?

तो आंबूस वास आजाराचा आहे. असिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत सडू लागली की असिटिक आम्ल सुटतं. डबा घट्ट बंद असला तर ते आतच कोंडतं आणि सडणं वाढवतं. शेजारच्या चांगल्या रिळांनाही त्याची लागण होते. वासाचे डबे आजच वेगळे काढ. आणि ते इकडे मामाकडे पाठवायचं मनातही आणू नकोस. आपल्या माळ्यावरचा पत्रा मे महिन्यात किती तापतो, ते तुला ठाऊक आहे.

स्कॅन झालं म्हणजे काम संपलं, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? १९४३ साली विल्यम वायलर हा दिग्दर्शक अमेरिकी बॉम्बर विमानांतून सोळा मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण करत होता. त्याचा छायाचित्रकार हॅरॉल्ड टॅनेनबॉम त्यात मारला गेला. त्या चित्रणातून १९४४ साली ‘मेम्फिस बेल’ हा छोटा माहितीपट निघाला. उरलेली फिल्म कोणी फेकली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती तासन्‌तास लांबीची मूळ रिळं सापडली, नव्यानं स्कॅन झाली आणि २०१८ साली त्यांतून एरिक नेल्सनचा ‘द कोल्ड ब्लू’ उभा राहिला. मधल्या काळातली एखादी व्हिडिओ प्रत पुरे मानली असती, तर काय हाती लागलं असतं?

तुझं रीळ उजेडासमोर धर. कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द दिसेल. कोडॅकची फिल्म असेल तर गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणाही असतील. फिल्म कोणत्या वर्षी बनली, ते त्या खुणा सांगतात. दर वीस वर्षांनी त्याच खुणा फिरून येतात, म्हणून विमान पाहून वर्ष पक्कं करायचं. स्वस्तात केलेल्या स्कॅनमध्ये नेमकी ही कडच कापली जाते!

विमानांचंच म्हणशील तर, ओझरच्या विमान कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग-२१ बांधली गेली. अप्पांची तिथं जायची पहाटेची बस आठवते ना? २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्या विमानाला हवाई दलानं निरोप दिला. आता आपल्याकडे ते उडताना पाहायचं तर फिल्मवरच. गोविंद निहलानींच्या १९८२ च्या ‘विजेता’त ते दिसतं, पण तो झाला चित्रपट. कुणा हौशी माणसानं धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून घेतलेली दोन मिनिटं कुठं आहेत? असतील एखाद्या घरात पोटमाळ्यावर, आणि त्या घरातही तुझ्यासारखाच कोणी पसारा आवरत असेल.

फिल्म जळूनही जाते. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या काळातला केवढा ठेवा गेला. ती फिल्म पाण्याखालीही जळत राहते. तुझी रिळं तशी नाहीत, एवढंच समाधान. पण ३५ मिलिमीटरचं १९५० च्या आधीचं काही मिळालं, तर ते नायट्रेटचं असू शकतं, घरात आणू नकोस.

सुरुवातीचा कोरा तुकडा कापू नकोस, डब्यावरची चिठ्ठी सोलू नकोस. कुणाकडून घेतलं, कधी घेतलं, ते कागदावर लिही. मग पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहून विचार. भंगारवाल्याला आजच नाही म्हण. शब्द दिलाय वगैरे काही ऐकायचं नाही. त्यानं रद्दी न्यावी, पंखा न्यावा. आणि तो आधीच येऊन गेला असेल, तर पत्राची वाट न पाहता लगेच फोन कर. मामा गाडीभाडं देईल, तू त्याच्या मागे जा.

तुझा,
मामा