पाइपलाइन

आम्हा सावेडीकरांना पाइपलाइनचे महत्त्व सांगायला नको. आमच्या एका रस्त्याचे नावच पाइपलाइन रोड! नळाला पाणी येण्याआधी तो फुरफुरतो, हवा सोडतो, मग धार लागते. त्या हवेचे कुणाला काही वाटत नाही. पण पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका असलेली माझी ताई सुटीला घरी आली, की त्या आवाजाने दचकून उठते. तिच्या नळ्यांतून माणसाचे रक्त वाहते आणि तिथे हवा म्हणजे साक्षात यम.

त्या यंत्राचे नाव एक्मो. २०२० मध्ये गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आजारपणात आपण ते वर्तमानपत्रांत वाचले. फुफ्फुसे थकली, की शिरेतले काळपट रक्त बाहेर काढायचे, पंपाने कृत्रिम फुफ्फुसातून न्यायचे आणि लालभडक करून परत द्यायचे. १९७१ मध्ये अमेरिकेत डॉ. डोनाल्ड हिल यांनी अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाला अशा यंत्राच्या आधारे वाचवले.

यंत्र लावले, की माणसाचे काम संपले असे कुणालाही वाटेल. ताई म्हणते, “तिथूनच आमचं काम सुरू होतं.”

रक्ताचा स्वभाव मोठा मानी. प्लॅस्टिकचा स्पर्श होताच ते गोठू पाहते. गोठू नये म्हणून हेपरिन द्यावे, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती. दोन्हींकडे मरण, मधली वाट अरुंद. म्हणून ताई पुन्हा पुन्हा टॉर्च घेऊन कृत्रिम फुफ्फुसावर गुठळ्यांचे काळे डाग शोधते. नळ्या थरथरू लागल्या, की पंप ओढतो तेवढे रक्त शिरेतून मिळत नाही असे ओळखायचे. परतीचे रक्तही काळपट दिसले, तर यंत्राचे फुफ्फुस थकले. हवा शिरली, तर आधी रुग्णाकडे जाणारी नळी चिमट्याने बंद करायची, मग पुढचे. पंप बंद पडला तर तो हाताने फिरवायचा. त्याची सोय खाटेजवळच असते.

एका रात्री ते फुफ्फुस गुठळ्यांनी भरले. नळ्या बंद करून नवे जोडेपर्यंत त्या रुग्णाला ना स्वतःच्या फुफ्फुसांचा आधार, ना यंत्राचा.

“त्या वेळी काय वाटतं गं?” मी विचारले.

“वाटायला वेळच नसतो. कुणी काय करायचं, ते आधी घोकून ठेवलेलं असतं.”

तो शेतकरी पुढे स्वतःच्या श्वासाने घरी गेला. सगळेच जात नाहीत, एवढे सांगून ताई गप्प झाली.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी यंत्रयुगाने माणुसकी मारली, असे तावातावाने लिहितो. रात्रभर नळ्यांवर टॉर्च धरून जागणाऱ्या त्या डोळ्यांना मात्र कोणत्या युगात बसवावे?