काकूंचे गुलाब

सांगलीच्या पेठेतील त्या जुन्या वाड्याच्या मागील अंगणात अकरा कुंड्या होत्या. आठ ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबांच्या आणि तीन गावठी गुलाबांच्या. सर्व काकांनी लावलेल्या. काका निवर्तल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ग्लॅडिएटरच्या पानांवर काळे ठिपके उमटले, त्यांभोवती पिवळेपणा पसरला आणि दिवाळीपर्यंत झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या. गावठी गुलाब मात्र तग धरून होते.

मुलाने कृषी केंद्रातून बुरशीनाशकाची बाटली आणली. काकूंनी ती उघडू दिली नाही. गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद दरवर्षी घरी होतो आणि फवारा वाऱ्यावर शेजारच्या कुंडीतही जातो, असे त्यांचे म्हणणे. हा हट्ट भाबडा वाटेल. परंतु खाण्याच्या फुलांविषयी तो रास्तच होता.

हट्टाने रोग मात्र हटला नाही. काकूंनी खाण्याचा सोडा पाण्यात अंदाजाने कालवून भर दुपारी शिंपडला आणि उरलीसुरली कोवळी पाने कडेने करपली. लिटरभर पाण्यास चहाचा एक सपाट चमचा सोडा व साबणाचे दोन थेंब पुरेसे असतात. तेही उन्हे तापण्यापूर्वी आणि क्वचितच; कारण सोड्यातील क्षार कुंडीच्या मातीत साठत जातो.

खरे कारण सुनेच्या ध्यानी आले. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की काकू नळीने झाडांना न्हाऊ घालीत. पाने रात्रभर ओली राहत. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजण्यास पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते. तेवढी सवड त्यांना रोज मिळत होती. शिवाय गळलेली पाने खत होईल म्हणून कुंडीतच ठेवलेली! रोगट पानांतील बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पुन्हा वर चढतात. जुनी थकबाकी नव्या वहीत ओढण्याचाच हा प्रकार.

“आई, पाणी सकाळी घालू या आणि बुंध्याशीच,” सून म्हणाली. काकू दोन दिवस तिच्याशी मोकळेपणाने बोलल्या नाहीत. संध्याकाळचे पाणी ही काकांची वेळ होती. काका मात्र तांब्याने, मुळाशीच पाणी घालीत, हे तिसऱ्या दिवशी काकूंनाच आठवले.

मग रोगट पाने वेचून घराबाहेर गेली, वाळक्या फांद्या छाटल्या आणि वारा खेळावा म्हणून कुंड्या हात-हात अंतरावर सरकल्या. थंडीत नव्या धुमाऱ्यांवर पांढरी भुरी आली. हिला ओले पान लागत नाही. थंड, दमट रात्री व कोरडे दिवस तिला मानवतात. तिच्यावर एक भाग दूध, नऊ भाग पाणी असा फवारा आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात दिला. ब्राझीलचे संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी भोपळ्याच्या जातकुळीतील झुकिनीवर हाच प्रयोग केला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. काळ्या ठिपक्यांवर मात्र दुधाची भिस्त ठेवू नये.

दोन ग्लॅडिएटर वाचले नाहीत. त्यांच्या कुंड्यांत गावठी गुलाबाच्या फांद्या लावल्या आहेत. नळी माळ्यावर गेली. काकू सकाळी सातला तांब्या घेऊन निघतात. संध्याकाळी मात्र रिकाम्या हातांनीच अंगणात जाऊन बसतात.