अहिल्याबाईंच्या महेश्वरीं

इंदूरहून महूच्या वाटेनें निघालें म्हणजे विंध्याचा जाम घाट लागतो. माथ्यावर अहिल्याबाईंनीं बांधविलेला भव्य दरवाजा आहे; तेथें उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें असतां निमाडचा सखल प्रदेश दृष्टीस पडतो. तो घाट उतरून महेश्वर गांठावें. इंदूरपासून अंतर सुमारें ९० किलोमीटर.

नर्मदा येथें रुंद व संथ आहे. किल्ल्याच्या पायथ्याशीं घडीव दगडांचे घाट पाण्यापर्यंत उतरले असून पात्राच्या मध्यभागीं बाणेश्वराचें लहानसें देऊळ आहे. वर किल्ल्यांत बाईंचा राजवाडा. राजवाडा हा शब्द त्यास थोडा मोठाच होतो. लांकडी खांबांची ओसरी, चौक, देवघर आणि बाईंची साधी बैठक, असें कोणा सुखवस्तु गृहस्थाच्या वाड्यासारखें तें घर आहे.

वाटाडे यात्रेकरूंस काशी, गया, सोमनाथ अशी देवालयांची यादी म्हणून दाखवितात. ती खरीच आहे. काशीविश्वेश्वराचें देऊळ बाईंनीं १७८० सालीं पुनश्च उभारलें, हें कोणास ठाऊक नाहीं? परंतु त्या ओसरीवर बसलें असतां मला देवळांपेक्षां घरांतील माणसेंच अधिक आठवलीं. या घरांत एक आई व आजी राहत होती. तिचें चरित्र त्या यादींत सांपडत नाहीं.

१७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडले. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेस सासऱ्यांनीं, मल्हाररावांनीं, विनवून परत फिरविलें. १७६६ सालीं तेही गेले. पुत्र मालेराव गादीवर आला आणि पुढच्याच वर्षीं वारला. आईनें त्यास न्यायासाठीं रथाखालीं घातलें, अशी एक कथा लोक मोठ्या अभिमानानें सांगतात. वासराची आणि रथाची हीच कथा दक्षिणेंत एका चोळ राजाविषयींही सांगतात! सर जॉन माल्कम यांनीं १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत निराळेंच लिहिलें आहे. मालेरावानें संशयानें एका निरपराध कशिदाकाराचा वध केला व त्या पश्चात्तापानें त्यास भ्रम झाला. मृताच्या पिशाचानें मुलास पछाडलें, असें समजून आई रात्रंदिवस त्याच्या शेजेशीं बसून त्या पिशाचाची करुणा भाकीत होती. मला रथाच्या कथेपेक्षां हें शेजेशीं बसणेंच खरें वाटतें.

मग उरली कन्या मुक्ताबाई, तिचे यजमान यशवंतराव फणसे आणि त्यांचा एकुलता एक मुलगा नथ्याबा. नातवावर आजीचा सारा जीव. तो ऐन तारुण्यांत महेश्वरींच वारला. त्यानंतर सुमारें एका वर्षानें, १७९१ सालीं, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनीं सती जाण्याचा निश्चय केला.

बाईंचें वय तेव्हां सहासष्ट होतें. आज मी त्याच वयाचा आहें. सर्व माळव्यांत जिचा शब्द खालीं पडत नसे, त्या बाईनें मुलीपुढें धुळींत लोळण घेतली; मला एकटी टाकून जाऊं नकोस, म्हणून देवाची आण घातली. मुलीनें प्रेमानें, पण निश्चयानें नकार दिला. मल्हाररावांना सुनेपुढें राज्याचा भार ठेवतां आला. या आईजवळ मुलीला देण्यासारखें स्वतःच्या म्हातारपणाखेरीज कांहीं उरलें नव्हतें. कायद्याचा आधारही नव्हता. बंगाल इलाख्यांत सतीबंदी झाली ती १८२९ सालीं, म्हणजे अडतीस वर्षांनीं.

बाई प्रेतयात्रेबरोबर चालत गेल्या. चितेशेजारीं दोघां ब्राह्मणांनीं त्यांचे दंड धरून ठेविले होते. ज्वाळा उठतांच त्यांनीं हंबरडा फोडला. हात सोडवेनात, तेव्हां ते स्वतःचेच हात दातांनीं चावले. मुक्ताबाईंच्या सतीत्वाचे गोडवे अद्याप कोणी कोणी गातात. त्यांनीं त्या दोन ब्राह्मणांच्या हातांत तडफडणाऱ्या म्हातारीकडे एकदां पाहावें, म्हणजे पुरे.

नंतर नर्मदेंत स्नान करून त्या वाड्यांत परतल्या. तीन दिवस अन्न जवळजवळ वर्ज्य, आणि मुखांतून एक शब्दही नाहीं. पुढें त्यांनीं गेलेल्यांचें एक सुंदर स्मारक उभारविलें, राज्याचें काम पुन्हा हातीं घेतलें आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजीं देह ठेविला.

सायंकाळीं मी घाटावर उतरलों. एक आजी नातवास पाण्यांत बसवून खसखसून अंग घाशीत होती आणि तो मोठ्यानें ओरडत होता.