भव्यतम

केरळ सरकारने २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या साप्ताहिक लॉटऱ्यांचं नव्याने बारसं केलं. रविवारची 'अक्षया' होती ती 'समृद्धी' झाली, सोमवारची 'विन-विन' आता 'भाग्यतारा', बुधवारची 'फिफ्टी-फिफ्टी' 'धनलक्ष्मी' आणि शुक्रवारची 'निर्मल' 'सुवर्ण केरळम्'. पहिलं बक्षीस सरसकट एक कोटी आणि बहुतेक तिकिटं चाळीसवरून पन्नास रुपयांवर. भाव वाढवायचा असला की नाव बदलावं, ही युक्ती साबणवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सरकारही शिकलं म्हणायचं. पण ही बातमी वाचताना मला केरळपेक्षा आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीची आठवण झाली. चार ओळखीच्यांशी तिच्याबद्दल बोललो, तर दोघांनी विचारलं, "म्हणजे, ती अजून आहे?"

आहे. १२ एप्रिल १९६९ ला सुरू झालेली आपली सरकारी लॉटरी अजून चालू आहे. ती आहे हे लोकांना आठवावं लागतं, एवढाच काय तो फरक.

सत्तरच्या दशकात पगार झाला की वडील ठाणे स्टेशनबाहेरच्या टेबलावरून एक तिकीट घेत. एकच. दोन घेतली तर जुगार आणि एक घेतलं तर राज्याच्या विकासाला हातभार, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. आईला हा भेद कधी पटला नाही. तरी तिकीट घरात आलं की ते देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली तीच सरकवायची, आणि सोडतीच्या आदल्या रात्री आम्हा भावंडांत बक्षिसाची वाटणी चालली की "आधी गॅसची शेगडी" असा आवाज स्वयंपाकघरातून यायचा तो तिचाच.

त्या काळचं सरकार नशीब विकायला जरा लाजत होतं. मुंबईत तेव्हा मटका ऐन भरात होता. कल्याणजी भगतने १९६२ मध्ये आणि रतन खत्रीने १९६४ मध्ये सुरू केलेले आकडे गिरणगावातल्या पानाच्या टपरीपासून पेढीवरच्या गादीपर्यंत सगळीकडे पोचले होते. लोक पैसे लावणारच असतील तर आमच्याकडे लावा, निदान तो पैसा तिजोरीत तरी येईल, असा सरकारी विचार. यात पहिलं पाऊल केरळने टाकलं होतं. अर्थमंत्री पी. के. कुंजू यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये तिथे लॉटरीचं स्वतंत्र खातं उघडलं, तिकीट एक रुपयाला, पहिलं बक्षीस पन्नास हजार, आणि सोडत २६ जानेवारी १९६८ ला. तारीख बघा, थेट प्रजासत्ताक दिन. तमिळनाडूत अण्णादुराईंच्या सरकारने लॉटरी काढली तेव्हा तिचा प्रचार असा होता की लागली तर पैसा तुमच्या घरी, नाही लागली तर राज्याच्या कामी. हरलेल्या माणसालाही देशसेवेचं पुण्य. वडिलांचं तत्त्वज्ञान त्यांचं एकट्याचं नव्हतं तर. ते साऱ्या देशभर छापून वाटलं जात होतं.

मटका त्याने बंद पडला नाही, हे सांगायला नकोच. मटक्यावर चार आणेही लावता यायचे, एकेरी आकड्याला एकास नऊ मिळायचे, आणि निकालासाठी महिनाभर थांबावं लागायचं नाही. राज्य लॉटरी त्यापुढे अगदी सोवळी. वर ठसठशीत अक्षरात राज्याचं नाव, मागे बारीक टायपात नियम. त्या तिकिटाला वेगळं नाव असण्याची गरज कुणाला वाटत नव्हती. लोक "महाराष्ट्राचं द्या" म्हणायचे आणि मिळायचं.

मला तिकिटापेक्षा विकणारे जास्त आठवतात. सायकलच्या हँडलला कर्णा बांधून, दांड्यावर तिकिटांची चळत लटकवून एक जण आमच्या आळीतून जायचा. "आजची शेवटची संधी" हे तो रोजच ओरडायचा आणि रोजच ते खरं वाटायचं. स्टेशनबाहेर दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी तिकिटं लावलेली असत. गिऱ्हाईक दोरीपुढे उभं राहून नंबर बघत असे, आणि ते बघणं हा खरेदीतला सगळ्यात गंभीर भाग होता. कुणाला सात शेवटी हवा, कुणाला मुलीची जन्मतारीख, कुणाला बेरीज नऊ. विकणारा कंटाळत नसे. उलट त्याला कोणाचा कोणता आकडा ते पाठ असायचं आणि तो तसं तिकीट वेगळं काढून ठेवायचा. तिकीट फुकट गेलं की दुसऱ्या दिवशी सांत्वनाचं कामही त्याचंच: "साहेब, एका आकड्याने हुकलं तुमचं." त्या एका आकड्याच्या जोरावर पुढच्या महिन्याचं तिकीट खपायचं.

निकाल वर्तमानपत्रात यायचा, आतल्या पानावर, मुंग्यांएवढ्या आकड्यांत. तो वाचण्याची एक पद्धत होती. आधी पहिलं बक्षीस, मग तिथे काही नाही हे ठाऊक असल्यासारखं पटकन खाली, मग शेवटच्या चार आकड्यांची रांग, आणि तिथेच खरी छाती धडधडायची. शेजारचे काका चष्मा विसरले की आम्हा पोरांना वाचायला बसवत आणि एखादा आकडा चुकीचा वाचला तर अख्ख्या चाळीत गोंधळ. आमच्या मजल्यावर एकदा कुणाला तरी शेवटच्या आकड्यांवरचं छोटं बक्षीस लागलं. रकमेपेक्षा जास्त पैसे पेढ्यांवर गेले असावेत. पण त्यानंतर वर्षभर आमच्या मजल्यावरून तिकिटं जास्त खपली, हे टेबलवाल्याने वडिलांना स्वतः सांगितलं होतं.

१९८१ च्या 'नसीब'मध्ये मनमोहन देसाईंनी सगळी गोष्ट एका लॉटरीच्या तिकिटावर उभी केली. दारूड्याने बिलाच्या बदल्यात दिलेलं तिकीट. सिनेमात तिकीट लागतं ते खून, बिछडलेली मुलं आणि तीन तासांच्या हाणामारीसाठी. आमच्या मजल्यावरच्या पेढ्यांपेक्षा ते कितीतरी महाग पडलं.

मग नव्वदचं दशक आलं आणि सगळं बिघडलं. ईशान्येकडच्या राज्यांची तिकिटं महाराष्ट्रभर पसरली, रोज सोडत, तीही एक आकडी. तिकिटावरचं नाव काय आणि राज्य कोणतं, हे कुणी वाचत नव्हतं. हातगाडीवाला दिवसभराची कमाई संध्याकाळपर्यंत एका आकड्यावर लावत होता आणि दुसऱ्या दिवशी ती परत मिळवायला पुन्हा लावत होता. मटका आणि सरकारी लॉटरी यांच्यात वडिलांनी काढलेली रेघ पुसली गेली. आजही कुणी स्मरणरंजनाच्या नादात 'ती लॉटरी किती निरागस' असं म्हणू लागलं, तर मी हे दशक पुढे करतो. लॉटरीने संसार उद्ध्वस्त झाले ते तेव्हाच, आणि सरकारी मोहोर असलेल्या तिकिटांनीच झाले.

१९९८ च्या केंद्रीय कायद्याने एक आकडी बक्षिसांवर बंदी घातली. एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच, भव्य सोडती वर्षातून सहाच, तिकिटावर राज्याचं बोधचिन्ह हवं, सोडत राज्यातच व्हायला हवी, न नेलेलं बक्षीस सरकारजमा. नवं सहस्रक उजाडलं आणि प्लेविन आलं. सिक्कीम सरकारची ऑनलाइन लॉटरी, टीव्हीवरच्या झगमगीत जाहिराती, आणि तिकिटाऐवजी यंत्रातून निघणारी पावती. आकडा आपणच निवडायचा. दोरी, चिमटे, नंबर शोधणारं बोट, या सगळ्याची गरज संपली. पिवळ्या-निळ्या काचेच्या दुकानात एक मुलगा किबोर्डवर आकडे दाबत असे आणि मान वर न करता पावती फाडून देत असे. ती पावती कुणी देवघरात ठेवली असेल असं मला वाटत नाही. २००६ मध्ये महाराष्ट्राने लॉटऱ्यांवर कर लावणारा स्वतःचा कायदा केला. प्लेविनही पुढे बंद पडलं.

या सगळ्या धामधुमीत आपल्या लॉटरीने काय केलं? नावं घेतली. वैभवलक्ष्मी, गजलक्ष्मी, आकर्षक पुष्कराज, तेजस्विनी. आठवड्याला एकच सोडत या नियमाला उत्तर म्हणून जणू एकीच्याच सात बहिणी केल्या: गजलक्ष्मी सोम, गजलक्ष्मी गुरू, गजलक्ष्मी शुक्र. पत्रिकेतले ग्रह वाचतोय की तिकीट, असा प्रश्न पडावा. यांतलं एकही नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. बसलं असतं तर 'ती अजून आहे?' असं कुणी विचारलं नसतं.

एका शब्दावर मात्र माझं मनापासून प्रेम आहे. साऱ्या भारताने ज्याला बंपर म्हटलं त्याला आपल्या लॉटरीने 'भव्यतम सोडत' म्हटलं. दिवाळी भव्यतम, गुढीपाडवा भव्यतम. हा शब्द कुठल्याही जाहिरात कंपनीला सुचणार नाही. तो राजभाषेच्या टिपणीतूनच येऊ शकतो. उच्चारताना जीभ जरा ताठ होते, पण सरकारला शोभतो. नवं नामकरण करायचंच ठरलं, तर गजलक्ष्मीचं काय हवं ते करा, भव्यतमला हात लावू नका, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

नवं काही करायचं घाटतंय असं दिसतंही. २०२५ मध्ये राज्य सरकारने सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि अभ्यास करायचा तो केरळचा. अभ्यासाला गेलेल्यांनी तिथली नवी नावं टिपून आणू नयेत अशी माझी इच्छा आहे, कारण नावं हा त्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. केरळात सकाळी बसस्टँडवर उतरा, चहा यायच्या आधी तिकीटवाला येतो. रस्त्याकडेला छत्री, छत्रीखाली छोटं टेबल, टेबलावर आजची सोडत. देवळाबाहेर, मासळीबाजारात, न्यायालयाच्या फाटकाशी, सगळीकडे कुणीतरी हातात तिकिटांचा पंखा करून उभं आहे. दुपारी तिरुवनंतपुरमच्या गॉर्की भवनात सोडत होते. 'विन-विन'ची 'भाग्यतारा' झाली तेव्हा ते नाव टीव्हीने कमी आणि या लोकांनी जास्त पोचवलं असणार. सकाळी सहापासून ते ओरडणारी माणसं तिथे आधीच उभी होती.

आणि तिथलंही प्रत्येक नाव सारखं नाही. २०११ मध्ये अर्थमंत्री के. एम. मणी यांनी 'कारुण्य' सुरू केली. नफा कर्करोग, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या उपचाराला. २०२५ च्या नामकरणात ती आणि 'कारुण्य प्लस' तशाच राहिल्या. मला यात १९६८ ची ती जुनी लाज थोडी दिसते, पण या वेळी तिला पत्ता आहे. घेणाऱ्याला कळतं की हरलेले पन्नास रुपये कुठल्या दिशेने गेले. आपल्याकडे तिकिटाच्या पैशाचं काय होतं असं विचारलं, तर वडिलांनीही 'विकास' एवढंच सांगितलं असतं.

त्यात तिकिटावरचा जीएसटी. १ मार्च २०२० पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. एवढा कर सोसून विकणाऱ्याच्या हातात काही उरवायचं म्हणजे खरी कसरत.

मागच्या दिवाळीत ठाण्यात उतरलो तर जुन्या जागेच्या आसपास एक टपरी दिसली. पुढे मोबाइलचे कव्हर आणि चार्जर, बाजूला एका पुठ्ठ्यावर दिवाळीची तिकिटं, चिमट्यांनीच लावलेली. टपरीवाला माझ्याच वयाचा. म्हणाला, "नावं कोण विचारतं हो? वाशीचं द्या म्हणतात, नाहीतर बाहेरचं द्या म्हणतात. आणि शेवट काय आहे ते बघतात." लॉटरीचं कार्यालय वाशीला आहे, तेच त्या तिकिटाचं खरं नाव ठरलेलं. मी एक भव्यतम घेतलं आणि त्याला केरळची नवी नावं ऐकवली. त्याने ती ऐकून घेतली, पण त्याला ओढ दुसऱ्याच माहितीची होती. तिथे विकणाऱ्यांसाठी कल्याण मंडळ आहे, पेन्शन आहे, ओणमला बोनस मिळतो, हे सांगितलं तसा चार्जरचा गुंता सोडवता सोडवता तो थांबला.

"बोनस?" तो म्हणाला. "आमचा बोनस म्हणजे दिवाळीत दोन बुकं जास्त खपतात, तो. छत्री तरी सरकारची असते का हो त्यांची?"