भांडायला तरी माणूस हवा

मतदार यादीचं काम घेऊन दारोदार फिरणाऱ्याला काही वाक्यं पाठ होतात. ‘कुणीही आलं तरी आपल्याला कष्टच करायचेत.’ ‘सगळे एका माळेचे मणी.’ ‘आमच्या एका मतानं काय होतंय?’ मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि माझ्या यादी भागाची बीएलओ आहे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. शाळा सुटली की यादी घेऊन निघायचं, नवी नावं घ्यायची, मयत आणि स्थलांतरितांची नोंद करायची, निवडणूक आली की मतदार चिठ्ठ्या वाटायच्या. मत कुणाला द्यायचं, हे मी सांगायचं नसतं आणि सांगतही नाही. पण मत द्यायचंच कशाला, असं लोक मला दारात विचारतात. त्याचं उत्तर देणं हाही मी कामाचाच भाग मानते.

25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो. त्या दिवशी शाळेत शपथ होते, प्रभातफेरी निघते, मुलं घोषणा देतात. ते व्हायलाच हवं. मात्र दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्याच्या उंबऱ्यावर ‘मतदान हे पवित्र कर्तव्य आहे’ असं ऐकवलं, की तो मान डोलावतो आणि दार लोटून घेतो. उपदेश ऐकायची त्याला सवय झालेली असते. त्याचं कुणी ऐकून घेतलेलं नसतं. म्हणून मी फक्त विचारते, ‘काय झालं होतं?’ सगळे चोर म्हणणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखा एक तरी प्रसंग असतोच. रेशनकार्डावरून सुनेचं नाव कटलेलं असतं, दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरवलेलं असतं, नाल्याचं पाणी घरात शिरल्यावर कुणी फिरकलेलं नसतं. तो प्रसंग पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे काही बोलण्यात अर्थ नाही.

वस्तीतल्या एका मावशींनी मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट शिकवली. धुणीभांडी करणारी बाई. मी गेले तेव्हा पायरीवर बसून हंडे आणि कॅन ओळीनं लावत होत्या. ‘मतबित काय नको बाई,’ त्यांनी वर न बघताच सांगितलं. मी शेजारी बसले आणि विचारलं. पाण्याचीच कथा होती. पाणी रात्री दोनला येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. हंडा भरेपर्यंत झोप उडते आणि सकाळी सहाला कामावर जायचं असतं. नगरसेवकाला फोन केला, तर तो म्हणाला, आता मी नगरसेवक नाही.

तो खरंच बोलत होता. पुणे महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक कोर्टात अडकली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे होता. मुंबईतही तेच. मी हे मावशींना सांगितलं.

‘म्हणजे आता कुणीच नाही?’

‘कुणीच नाही.’

त्यांनी कॅन खाली ठेवला. ‘मग भांडायचं कुणाशी? आधीचा काय लई करत होता असं नाही. पण त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावले, की दुसऱ्या दिवशी टँकर तरी यायचा.’

मतदानाच्या बाजूनं इतका चोख युक्तिवाद मी कुठल्याही भाषणात ऐकलेला नाही. प्रशासक हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण त्याला मावशींच्या पायरीशी परत यायचं नसतं. निवडून आलेला माणूस कसाही असो, पाच वर्षांनी त्याला त्याच गल्लीत हात जोडत यावं लागतं आणि तो ते विसरू शकत नाही. मत दिल्यानं चांगला माणूस मिळेलच, असं वचन मी कुणाला देत नाही. जाब विचारता येईल असा माणूस मिळतो, एवढंच सांगते. ते खरं असतं आणि ऐकणाऱ्याला पटतं.

मग तक्रार योग्य दारी नेऊन पोचवायची असते. पाणी, गटार, कचरा महापालिकेचं. एसटी आणि पोलीस राज्याचं. रेल्वे दिल्लीचं. माणूस तिन्हीचा राग एकत्र करतो आणि कुठल्याच निवडणुकीवर तो नीट काढत नाही. त्यातून पुण्यात एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडले जातात. ‘आपला नेमका कोणता?’ हा गोंधळ रास्तच आहे. चौघेही तुमचे, चौघांनाही विचारा, असं मी सांगते.

सोसायट्यांमधली उदासीनता वेगळी असते. तिथं दार उघडतं, हसून स्वागतही होतं. ‘राजकारणात आम्हाला इंटरेस्ट नाही’ हे वाक्य तिथं स्वच्छपणाचा दाखला असल्यासारखं येतं. 2024 च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये 70 टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत जेमतेम 50 टक्के. जंगलातल्या वाटा तुडवून लोक केंद्रावर पोचतात आणि ज्यांच्या इमारतीसमोरच केंद्र आहे ते पोचत नाहीत. अशा घरी मी सोसायटीच्या टँकरच्या बिलाबद्दल विचारते. वर्षाचा आकडा सेक्रेटरी चटकन सांगतात, कारण तो दुखरा असतो. मावशी रात्री दोनला ज्या धारेची वाट बघतात, तीच धार तुमच्याकडे पोचत नाही म्हणून हे पैसे जातात, एवढं बोलून मी थांबते. पुढचं त्यांना कळतं.

भाड्यानं राहणाऱ्या तरुणांचं नाव असतं लातूरला, नाही तर जळगावला. मतदानासाठी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून गावी कोण जाणार? त्यांना मी नमुना 8 देते, इथला पत्ता लावून घ्या म्हणते. त्यातलाच एखादा सांगतो, ‘मी नोटाच दाबणार.’ दाबावा, तो त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानं तो मिळाला. फक्त त्याचं फळ काय, हे माहीत असावं. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. आपल्या राज्यात स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये नियम बदलला: नोटा पहिला आला, तर निवडणूक पुन्हा घ्यायची. राजकारणावर चिडलेला मुलगा हे ऐकून पहिल्यांदाच मला प्रश्न विचारतो. तो चिडलाय म्हणजे त्याला अजून काहीतरी वाटतंय, हे मला तेव्हा दिसतं.

‘एका मतानं काय होतंय?’ याला ठरलेली उत्तरं आहेत. मुंबई उत्तर पश्चिमचा 2024 चा निकाल 48 मतांनी लागला. मुंबई महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत एका प्रभागात दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढावी लागली. मी हे सांगते, पण त्यावर भिस्त ठेवत नाही. असं क्वचित घडतं, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. त्यापेक्षा मी नमुना 20 बद्दल बोलते. लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याचा हा तक्ता जाहीर होतो. पक्षांचे कार्यकर्ते तो केंद्रवार वाचतात. ज्या केंद्रावर मतदानच कमी, त्या गल्लीला पुढच्या वेळी कोण विचारणार?

पण याच तक्त्याची भीतीही असते, आणि ती मी झटकून टाकत नाही. ‘पाकीट घेतलं आणि दुसऱ्याला दिलं, तर त्यांना कळतं ना?’ एका बाईनं मला हळूच विचारलं होतं. तुमचं एकटीचं मत कुणालाच कळत नाही, व्हीव्हीपॅटची चिठ्ठी तुम्हाला सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, हे मी ठामपणे सांगितलं. तुमच्या केंद्राचं एकूण गणित मात्र कळतं, हेही सांगितलं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं 2008 मध्ये दिला आणि विधी आयोगानं 2015 मध्ये त्याला पाठिंबा दिला. ते यंत्र अजून वापरात आलेलं नाही. शंका घेणाऱ्या माणसाला अर्धं सत्य सांगितलं, तर उरलेलं अर्धं त्याला दुसरीकडून कळतं, आणि मग तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

मी कुठल्याच दारातून फक्त बोलून उठत नाही. अर्ज भरून, फोटो आणि पत्त्याचा पुरावा घेऊनच उठते. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेची ठरावीक तारखेची यादीच प्रभागवार फोडतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावत आलेल्याला परत पाठवावं लागतं, आणि ‘बघा, आमचं नावच नाही’ म्हणत तो आणखी कडवट होतो. उलट, भरलेल्या अर्जाप्रमाणे यादीत नाव छापून आलं, की सरकारी व्यवस्थेनं एक काम वेळेवर केल्याचा अनुभव त्याच्या पदरी पडतो. वाईट अनुभवातून आलेली निराशा हलवायला असा एक चांगला अनुभव लागतो. माझ्या वक्तृत्वानं ते झालं नसतं.

नव्यानं बीएलओ झालेले सहकारी विचारतात, काय बोलायचं लोकांशी? मी सांगते, आधी तक्रार पूर्ण ऐका. ती कुणाच्या अखत्यारीत येते ते सांगा. मताची किंमत आहे तेवढीच सांगा, वाढवून सांगू नका. अर्ज तिथंच भरून घ्या. आणि निकाल लागला की पुन्हा एकदा त्या दारात जा. चारही नगरसेवकांची नावं आणि क्षेत्रीय कार्यालयाचा नंबर कागदावर लिहून द्या. मत देऊन माणूस घरी बसला, तर पाच वर्षांत त्याची निराशा परत येते. तो नंबर फिरवून ज्याला एकदा जरी उत्तर मिळालं, त्याला पुढच्या निवडणुकीला आपण सांगायला जावं लागत नाही.