पथ्याची वही

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर इंग्रजीत एक लांबलचक शब्द होता. त्याखाली डॉक्टरबाईंनी पेनानं लिहून दिलं होतं : चॉकलेट सिस्ट. घरी येऊन मी तो कागद सासूबाईंना दाखवला. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "लहानपणी लई चॉकलेट खाल्लं का गं माय तू?"

मला उत्तर देता आलं नाही. दवाखान्यातून निघाल्यापासून माझ्याही मनात तेच चाललं होतं. काय खाल्लं मी? कुठं चुकलं माझं?

ही गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी २९ वर्षांची आहे आणि जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझं माहेर अंबडचं. पाळीचं दुखणं पंधराव्या वर्षी सुरू झालं. पहिले दोन दिवस कमरेतून निघालेली कळ मांड्यांपर्यंत उतरायची, आणि मी वर्गात बाकावर डोकं टेकवून बसायची. आई म्हणायची, लग्न झालं की थांबतं. लग्न झाल्यावर सगळ्या म्हणायला लागल्या, मूल झालं की थांबतं. मूल होईना आणि दुखणं वाढत गेलं. शौचाला बसलं की आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. दुपारनंतर पोट इतकं फुगायचं की सलवारीची नाडी सैल करावी लागायची. नवऱ्याजवळ जातानाही दुखायचं, आणि ते तर कुणाला सांगायची सोयच नव्हती. मधल्या काळात गॅसची औषधं झाली, जंताची झाली, मूतखड्याचीही झाली. निदान व्हायला चौदा वर्षं लागली.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसंच अस्तर बाहेर वाढतं : अंडाशयावर, आतड्याजवळ, ओटीपोटाच्या पडद्यावर. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते तिथंच साकळतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटायला लागतात. अंडाशयात साकळलेलं जुनं रक्त काळपट तपकिरी दिसतं, म्हणून त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. माझ्या डाव्या अंडाशयात ती चार सेंटीमीटरची होती. "याचा चॉकलेटशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही काय खाल्लं-प्यायलं त्यामुळं हे झालेलं नाही." आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येण्याच्या वयातल्या दर दहांतल्या एकीला, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी बायकांना आणि मुलींना तो आहे, आणि निदान व्हायला सरासरी चार ते बारा वर्षं जातात. दहांत एक! आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अकरा जणी आहोत.

डॉक्टरबाईंनी डायनोजेस्टची रोज एक गोळी सुरू केली. ती हार्मोनची गोळी हे अस्तर वाढू देत नाही, पण पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसतील, असं त्यांनी सांगून ठेवलं. एवढं कळूनही घरी आल्यावर मी गोंधळलेलीच होते. कारण घरी सल्ले वाट बघत होते.

पहिला सल्ला मावशीचा. ती घनसावंगी तालुक्यातली. पंधरा वर्षं कोयत्यावर गेली, म्हणजे ऊसतोडीला. ती म्हणाली, "पिशवी काढून टाक. कटकट मिटते. मी काढलीच की सव्विसाव्या वर्षी." आमच्याकडं पोटाच्या कुठल्याही दुखण्यावर हेच उत्तर सांगितलं जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं चौकशी केली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मी डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा आजार पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी काढली म्हणून तो गेला असं होत नाही."

बाकीचे सगळे सल्ले खाण्याचे होते. शेजारच्या काकूंनी दूध बंद करायला सांगितलं. मैत्रीण म्हणाली, गहू सोड. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओंत साखर, चहा, सोयाबीन, मटण, तळलेलं असं सगळंच बंद होतं. कुणी कोरफडीचा रस सांगितला, तर कुणी उपाशीपोटी मेथीदाणे. मी सगळं एकदम केलं, कारण मला बरं व्हायचं होतं. पंधरा दिवस भात आणि उकडलेला दुधी खाल्ला. एके दिवशी प्रयोगशाळेत बियाणं ठेवलेल्या कागदाच्या गुंडाळ्या उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, आणि पोट तरीही दुखतच होतं.

तेव्हा डॉक्टरबाईंनी मला छत्रपती संभाजीनगरच्या एका आहारतज्ज्ञ ताईंकडं पाठवलं. जालन्याहून साठेक किलोमीटर. मी हातात बंद केलेल्या पदार्थांची यादी घेऊन गेले होते. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी सांगा, तुमच्या घरी रोज काय शिजतं?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली. कुठलाही आहार हा आजार घालवत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये या आजाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही दुखणं कमी करणारा अमुक एक आहार म्हणून कशाची शिफारस नाही. पण माझ्या त्रासातला मोठा भाग आतड्याचा होता, आणि तिथं जेवणाचा उपयोग होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. कांदा, लसूण, गहू, हरभऱ्याची डाळ, राजमा, दूध, आंबा, सफरचंद यांत काही साखरा अशा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढं जिवाणू त्यांना आंबवतात, आणि वायू धरतो. निरोगी माणसाला ते सहसा फारसं जाणवत नाही. पण जिचं ओटीपोट आतून आधीच सुजलेलं आणि हुळहुळं झालेलं असतं, तिला तेवढा ताणही सोसत नाही. या साखरा कमी करण्याच्या आहाराला लो-फोडमॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तो तयार झाला, आणि एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांच्या पोटाच्या तक्रारी त्यानं कमी होतात असं तिथल्याच २०२५ च्या अभ्यासात दिसलं. मात्र हे जन्मभराचं व्रत नाही. चार आठवडे हे पदार्थ बंद ठेवायचे आणि मग एकेक परत आणून बघायचा.

"एका वेळी एकच," असं त्या म्हणाल्या आणि माझा गोंधळ तिथं पहिल्यांदा कमी झाला. कारण ही भाषा माझ्या रोजच्या कामाची होती.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून आमचं गाव बियाण्यांचं म्हणून ओळखलं जातं. माझं काम उगवण चाचणीचं. ज्वारीचे शंभर-शंभर दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, असे चार संच करायचे, गुंडाळ्या करून २५ अंशांवर ठेवायच्या. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची. शंभरांत निदान पंचाहत्तर दाणे उगवले नाहीत तर तो लॉट प्रमाणित बियाणं म्हणून विकता येत नाही. या कामात पाणी, उष्णता आणि कागद तिन्ही एकदम बदलले तर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही. मी माझ्या शरीरावर पंधरा दिवस नेमकं तेच केलं होतं.

मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले : तारीख, सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण, पोटफुगी, कळ, शौच, झोप, गोळी घेतली का. पोटफुगीला आणि कळीला शून्य ते दहा असे गुण.

कांदा-लसूण बंद म्हटल्यावर आत्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे चातुर्मासासारखं," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. ताईंनी सांगितलं होतं की लसणातल्या त्या साखरा तेलात उतरत नाहीत, वास मात्र उतरतो. म्हणून आत्या आधी तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तळायच्या, झाऱ्यानं एकूण एक काढून मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ताटात टाकायच्या, आणि त्याच तेलात जिरं-हळद घालून मुगाच्या वरणाला फोडणी द्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कढईत झाऱ्यानं तीनदा ढवळून पाहिलं, एखादी पाकळी राहिली तर नाही ना. मला तेव्हा रडू आलं. चौदा वर्षं माझं दुखणं मी एकटी सांभाळत होते.

मग एक गोष्ट लक्षात आली. जे सोसणारं होतं, त्यातलं बरंच आमच्या चुलीवर पूर्वीपासून होतं. ज्वारीच्या भाकरीत गहू नाही. आधणाच्या पाण्यात मळलेलं पीठ, परातीत थापलेली भाकरी, तव्यावर टाकून वरून फिरवलेलं पाणी, आणि मग फुगून सुटलेला पापुद्रा. तेच जेवण मी पंधरा दिवस सोडून दिलं होतं. जवसाची चटणी आत्या लसणाशिवाय करायला लागल्या. जवसातलं ओमेगा-३ माशांतल्यासारखं नसतं, शरीरात त्यातलं थोडंच त्या रूपात येतं, तेव्हा चटणी जेवण म्हणून खा, औषध म्हणून नको, असं ताईंनी बजावलं होतं. वनस्पती तुपातली खारी मात्र त्यांनी बंद केली. अमेरिकेत ७० हजारांहून जास्त परिचारिकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत वनस्पती तुपात असू शकणारी ट्रान्स चरबी जास्त खाणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला, आणि माशांतलं ओमेगा-३ जास्त खाणाऱ्यांत कमी. रक्तासाठी अंबाडी, शेपू, तांदुळजा. त्यांतलं लोह अंगी लागावं म्हणून जेवणासोबत आमच्या जालन्याची मोसंबी, आणि चहा जेवणानंतर तासाभरानं.

चार आठवड्यांनी वही चाळली. पोटफुगी रोजच्या आठवरून तीनवर आली होती. शौचाची कळ कमी होती. ओटीपोटातलं खोल दुखणं मात्र फारसं हललं नव्हतं. त्याला पुढं गोळीनं उतार पडला, आणि तोही हळूहळू. कशानं काय झालं हे मला वेगवेगळं दिसलं, कारण ते वेगवेगळं लिहिलेलं होतं.

नंतर एकेक पदार्थ परत आणला. दूध चहापुरतं सोसलं. गव्हाची एक पोळी चालली, तिसरीला पोट फुगलं. शिजलेला कांदा अर्धी वाटीही सोसला नाही. होळीला पुरणपोळी खाल्ली, तीत गहू आणि हरभऱ्याची डाळ दोन्ही, आणि रात्रभर कुशी बदलत राहिले. पण ते का होतंय हे माहीत होतं, म्हणून भीती वाटली नाही. पुढच्या सणाला अर्धी खायची, एवढंच त्यातून ठरलं.

खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यात लागली. वही स्वच्छ होती, एकही चूक नव्हती, गोळी रोज घेतलेली होती, आणि तरीही एका पहाटे कळ अशी आली की मी मोरीत भिंतीला धरून खाली बसले. नऊ गुण. रक्तस्रावही झाला. घरातलं कुणीतरी काळजीनंच विचारलं, "काय खाल्लंस?" तो प्रश्न कळीपेक्षा जास्त लागला. मी स्वतः रात्री वही उघडून चूक शोधत बसले. सापडली नाही तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी लपवतेय की काय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तपासलं. गाठ वाढलेली नव्हती, आणि गोळीच्या सुरुवातीच्या महिन्यांत असा रक्तस्राव होतो, असं त्या म्हणाल्या. गाठ वाढली किंवा दुखणं गोळीला दाद देईनासं झालं तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करू, असंही सांगितलं. मग वही चाळून म्हणाल्या, "ही फार उपयोगाची आहे. पण ही तुमची परीक्षा नाही. दुखलं म्हणजे तुम्ही नापास झालात असं नाही."

मला आज सगळ्यांना हेच सांगायचं आहे. पथ्य जरूर करा, पण जाणकाराला विचारून करा आणि गोळी सोडून करू नका. आणि ज्या घरात कुणी पथ्य करतंय, त्या घरातल्यांनी कळ आली की "काय खाल्लंस?" हे आधी विचारू नका. "कुठं दुखतंय?" हे विचारा. ज्या बाईला चौदा वर्षं दुखणं सोसायला शिकवलं, तिच्या हाती पथ्याच्या नावानं अपराधीपण देऊ नका.

गेल्या महिन्यात मावशी मोसंबीची पिशवी घेऊन आली होती. मी जेवण लिहीत होते. तिनं विचारलं, हे काय लिहितेस? मी एकेक रकाना वाचून दाखवला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, पिशवी काढली तरी तिची कंबर आजही पहाटे धरते. अंगातून वाफा निघतात. तिशीच्या आतच सुरू झालं होतं हे सगळं. कुणाला कधी सांगितलं नाही, कारण कटकट मिटली असं तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझं बी लिही ना त्यात."

मी वहीचं मागचं पान उघडलं, रकाने आखले आणि तिला विचारलं, "कुठं दुखतंय, मावशी?"